परतीची पिशवी

पहिला पाऊस पडला की आपल्या ठाणे-कल्याणकडे दोन गोष्टी हमखास होतात. बाजारात शेवळं येतात आणि रविवारी पहाटेच्या कर्जत-कसारा लोकलला पाठीवर सॅक लावलेल्या मुलामुलींची झुंबड उडते. पूर्वी ही मंडळी म्हणजे कॉलेजातली पोरंच असायची. हल्ली त्यांच्यात पंजाबी ड्रेसवर बूट चढवलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या आपल्यासारख्या बायकाही दिसतात. कुणी भिशीचा ग्रुप, कुणी सोसायटीचं महिला मंडळ, कुणी नणंद-भावजयांची जोडी. मला हे बघून फार बरं वाटतं. संसाराची वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर एक अख्खा दिवस स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या श्वासावर काढायचा, याची मजा घरात बसून कळत नाही.

आणि डोंगर शोधायला आपल्याला लांब जावंच लागत नाही. ठाण्याच्या पाठीशी येऊर आहे. डोंबिवलीच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असेल त्या दिवशी मलंगगड दिसतो. बदलापूरला उतरलं की कोंडेश्वर, आसनगावला उतरलं की माहुली, कल्याणहून मुरबाडची एसटी धरली की गोरखगड, सिद्धगड आणि पुढे नाणेघाट. मुंबईची माणसं पैसे मोजून जे बघायला येतात ते आपल्याला लोकलच्या तिकिटात मिळतं.

पण रविवारी संध्याकाळी आपण घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसतो, तेव्हा त्या डोंगरावर मागे काय उरलेलं असतं? आज मला त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे.

गच्चीवर पसरलेला कचरा

आमचं मंडळ गेली सात-आठ वर्षं पावसाळ्यात एक आणि थंडीत दोन अशा डोंगरवाटांच्या सहली काढतं. मागच्या वर्षी शहापूर तालुक्यातल्या एका गडावरून उतरताना आम्ही बाराजणींनी वाटेतला कचरा गोळा केला. तासाभरात चार पोती भरली. गावात टाकायला जागा नाही म्हणून ती पोती टेम्पोतून थेट डोंबिवलीला आणली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर हातमोजे घालून ती ओतली आणि धान्य निवडतात तसा तो कचरा निवडायला बसलो.

माझी अशी समजूत होती की यात दारूच्या बाटल्याच जास्त निघणार. बाटल्या होत्या, नाही असं नाही. पण ढीग झाला तो वेफर्स आणि बिस्किटांच्या वेष्टनांचा. त्याखालोखाल पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, पराठे गुंडाळलेली तेलकट फॉइल, लोणच्याच्या आणि सॉसच्या पुड्या, ओले टिश्यू, लहान मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड. एका प्लॅस्टिकच्या डब्यात तर बुरशी आलेला शिरा होता. कुणीतरी मायेने तूप सोडून केलेला असणार!

ते सगळं बघताना आमच्यातली एकजण सहज बोलून गेली, "अगं, हे तर आपण घरून भरून दिलेलं सामान आहे." तेच खरं होतं. गुंडांनी, मवाल्यांनी डोंगर घाण केला असं आपण म्हणतो. तसे लोक असतातच, त्यांचा बंदोबस्त पोलिसांनी आणि वनखात्याने करायचा. पण त्या ढिगातला मोठा भाग सभ्य, शिकलेल्या घरांतून आला होता आणि त्या घरांत सॅक कोण भरतं? आपणच ना! म्हणूनच त्याचा उपायही बराचसा आपल्या हातात आहे, असं मला वाटतं.

पायथ्याच्या बायका

डोंगर म्हणजे ओसाड, कुणाचाच नसलेला, असं शहरात राहून आपल्याला वाटायला लागतं. प्रत्येक गडाच्या पायथ्याशी एक वाडी असते, पाडा असतो. वारली, ठाकूर, कातकरी अशा समाजांची घरं असतात. इर्शाळगडाला जाणारे ट्रेकर ज्या इर्शाळवाडीतून वर चढायचे, ती ठाकूर वस्ती १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. त्या वेळी आसपासचे गिर्यारोहक पावसात, चिखलात मदतीला धावले. ज्यांच्या अंगणातून आपण जातो, त्यांच्याशी आपलं नातं असतं हे त्या पोरांना ठाऊक होतं.

आमच्या त्या सहलीत पायथ्याच्या पाड्यातल्या एका मावशींकडे आम्ही जेवायला होतो. भाकरी, पिठलं आणि कुर्डूची भाजी. जेवता जेवता मी विचारलं, "मावशी, एवढी माणसं येतात, तुम्हाला त्रास होत असेल ना?" त्या म्हणाल्या, "माणसं आली तर चार पैसं मिळतात बाय. पन गाय मेली आमची गेल्या साली. प्वाट फाडलं तं पिशव्याच पिशव्या." आमच्या हातातला घास हातातच राहिला. एका गाईची किंमत त्या घराला काय असते हे मी वेगळं सांगायला नको. त्यांना नुकसानभरपाई देणारं कुणी नव्हतं. कारण पिशवी कुणाची होती हे कोण शोधणार?

पाण्याचंही तसंच. गडांवरची कातळात खोदलेली टाकी आपल्याला फोटोपुरती असतात. गोरखगडावर गुहेजवळ अशी टाकी आहेत. शेकडो वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने खोदलेल्या या टाक्यांत पावसाचं पाणी साठतं आणि वर येणाऱ्याची तहान त्यावरच भागते. त्यात कुणी पाय धुतं, कुणी साबणाने तोंड धुतं, कुणी खरकटा डबा विसळतं. टाक्यातलं पाणी वाहून जात नाही. साबण त्यात गेला की तो तिथेच राहतो. घरात पिण्याच्या माठात आपण कुणाला हात तरी बुडवू देतो का? मग तोच नियम तिथे लावायचा. पाणी तांब्याने किंवा बाटलीने काढायचं आणि काय धुवायचं ते टाक्यापासून लांब जाऊन धुवायचं, तेही साबणाशिवाय.

उरलेली पोळी आणि बिबट्या

आता ठाणेकरणींसाठी येऊरबद्दल. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध पसरलेलं हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल. इतक्या मोठ्या शहराच्या कुशीत बिबटे राहतात, ही जगात फार थोड्या ठिकाणी दिसणारी गोष्ट आहे. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले होते.

आपण सकाळी येऊरला फिरायला जातो. येताना उरलेली पोळी-भाजी, ब्रेडचे तुकडे टाकून देतो. "अन्नच आहे, कुजून जाईल. कुत्र्या-माकडांना मिळेल, पुण्यच लागेल," असं आपल्याला वाटतं. पण जंगलाचं गणित वेगळं आहे. खरकटं पडलं की भटकी कुत्री जमतात. कुत्री जमली की त्यांच्या मागे बिबट्या येतो, कारण कुत्रा ही त्याला सोपी शिकार असते. उद्यानाच्या काठावरच्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलेलं आहे. आणि बिबट्या जिथे येतो तिथे पाटोणापाडा, जांभूळपाडा असे आदिवासी पाडे आहेत. तिथली मुलं संध्याकाळी अंगणात खेळतात, बायका पहाटे अंधारात बाहेर जातात.

२००४ साली या उद्यानाच्या काठावर बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसांचा बळी गेला. मोठ्यांना आठवत असेल, त्या दिवसांत ठाण्यातही लोक अंधार पडला की दारं लावून घ्यायचे. पुढे २०११ मध्ये वनखातं, अभ्यासक आणि नागरिक यांनी एकत्र येऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. त्यात लोकांना आवर्जून सांगितलं गेलं ते हेच, की कचरा आवरा, खरकटं उघड्यावर टाकू नका. पिंजरे लावण्यापेक्षा हा उपाय साधा आणि स्वस्त आहे.

माकडांचंही असंच. एकदा हातातून केळं मिळालं की दुसऱ्या दिवशी ती हातातली पिशवी हिसकावतात, तिसऱ्या दिवशी मुलाला बोचकारतात. मग आपणच तक्रार करतो की माकडं माजली! जंगलात त्यांचं खाणं आहे. फळं आहेत, पाला आहे, किडे आहेत. आपली फरसाणाची पुडी त्यांना नको आहे. आणि 'साल तर आहे, विरघळेल' म्हणून संत्र्या-केळ्यांची सालं टाकणंही बरं नाही. ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात. साल घरी आणली तर कुंडीला खत होतं.

पाणी फिरून आपल्याकडेच येतं

कल्याण-डोंबिवलीच्या मैत्रिणींना वाटेल, आमचा काय संबंध बिबट्यांशी? तर आता नळाकडे बघा. आपण जे पाणी पितो त्यातलं बरंचसं उल्हास नदीतून उचललेलं असतं. उल्हास कर्जतकडून येते, बदलापूरवरून कल्याणला येते. वाटेत डोंगरांतले लहान-मोठे ओहोळ आणि बारवीसारख्या नद्या तिला मिळतात. म्हणजे पावसाळ्यात ज्या धबधब्याखाली आपण भिजलो आणि ज्याच्या काठावर कुणीतरी डायपर सोडून आलं, ते पाणी डोंगर उतरून नदीत येतं आणि त्याच नदीवर आपले पंप लावलेले असतात. पालिका ते शुद्ध करून देते हे खरं. पण घाण आधी टाकायची आणि मग ती काढायला कर भरायचा, हा कुठला व्यवहार?

धबधब्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. दरवर्षी पावसाळ्यात धबधबे, तलाव, धरणं अशा धोक्याच्या जागी जिल्हा प्रशासन मनाईहुकूम काढतं. लोक त्यावर चिडतात. पण डोंगरात वर कुठेतरी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाण्याचा लोंढा दहा मिनिटांत येतो. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहताना दिसला की समजावं, लोंढा मागून येतोय. त्या क्षणी बाहेर पडायचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. मनाई असेल त्या ठिकाणी जाऊ नये, इतकं साधं आहे ते. बंदी मोडून गेलेल्या माणसाला वाचवायला गावातलीच पोरं दोर लावून उतरतात, स्वतःचा जीव धोक्यात घालून.

कारवीची एकच संधी

आपल्या डोंगरउतारांवर कारवी नावाचं झुडूप असतं. पाड्यांतल्या घरांच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांवर माती लिंपून केलेल्या असतात. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. आपल्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. अख्खा उतार जांभळा-निळा होतो, मधमाश्यांची गर्दी उडते. आता पुढचा बहर २०३२ च्या सुमारास. फुलून, बी धरून झालं की ते झुडूप वाळून मरतं. म्हणजे त्याच्या आयुष्यात फुलायची वेळ एकदाच येते.

२०२४ मध्ये मी डोंगरावर बायकांना कारवीचे गुच्छ तोडून केसात खोचताना, फोटोसाठी फांद्या मोडताना पाहिलं. फूल सुंदर आहे, मोह होतोच. पण तो तुरा तोडला की त्या फांदीचं बी गेलं. आठ वर्षं वाट पाहिलेलं सगळं एका फोटोत संपलं. त्यातून फुलांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं म्हणून लोक वाट सोडून उतारावर घुसतात आणि पायाखाली कोवळी रोपं चिरडतात.

वाट सोडू नये हा डोंगरातला जुना नियम आहे. तो चुकू नये म्हणून तर आहेच, पण आणखी एका कारणासाठीही आहे. चिखल टाळायला आपण वाटेच्या कडेकडेने गवतावरून चालतो. मागचाही तसाच चालतो. वाट रुंद होत जाते, गवत मरतं, माती मोकळी होते आणि पुढच्या पावसात ती वाहून ओढ्यात जाते. म्हणून बूट चिखलात बुडले तरी चालतील, वाटेवरूनच चालावं. बूट धुता येतात.

सुरुवातीला शेवळांचा उल्लेख केला तो उगाच नाही. जांभळी नाक्यावर किंवा कल्याण-डोंबिवली स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेल्या आदिवासी बायकांकडून आपण शेवळं घेतो, सोबत खाज मारायला काकडं मागून घेतो. ती शेवळं याच जंगलाच्या जमिनीतून, पहिल्या पावसात पालापाचोळ्यातून वर येतात. आपण जिथे सतरंजी अंथरतो, चूल मांडतो, क्रिकेट खेळतो, तीच ती जमीन. त्या टोपलीवर एका घराचा जून महिना चालतो.

आणि आग! होळीनंतर डोंगरावरचं गवत वाळून कोळ होतं. एक जळकी काडी, न विझवलेली चूल किंवा सिगारेटचं थोटूक पुरतं. वणवा लागला की पक्ष्यांची घरटी, सरडे, ससे, कोवळी झाडं सगळं जातं. उघडी पडलेली माती पावसात वाहते. राष्ट्रीय उद्यानात आग लावणं आणि झाडंझुडपं तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. माझं तर म्हणणं, डोंगरावर चूल पेटवायचीच कशाला? चहा थर्मासमधून न्यावा, जेवण पायथ्याच्या घरी सांगावं. गरम भाकरी मिळते आणि त्या घराला चार पैसे मिळतात. जंगल टिकलं तर पाहुणे येतील, हे मग त्या गावालाही पटतं.

राणीचा लेख आणि आपली नावं

कल्याणकरणींना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे मोठं बंदर होतं. इथे उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. घाटाच्या माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांचा मोठा ब्राह्मी लेख आहे आणि तो नागनिका या राणीचा मानला जातो. एका राणीने केलेल्या यज्ञांची, दिलेल्या दानांची नोंद त्यात आहे. घाटातला दगडी रांजण जकातीचा असं सांगतात.

अशा लेण्यांच्या आणि गडांच्या भिंतींवर आज बदाम काढून नावं कोरलेली दिसतात. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, ही माहिती मुलांना आपण घरीच द्यायला हवी. शाळेच्या सहलीला पाठवताना डब्याबरोबर ही सूचनाही द्यावी.

आडोशाचा प्रश्न

आता एका विषयावर स्पष्ट बोलते, कारण तो बायकांच्या पुरवणीत नाही बोलायचा तर कुठे? डोंगरावर आडोशाला जाण्याची वेळ येते. लाजेपोटी बायका पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते. तसं करू नका. पाणी प्या आणि तयारीने जा. आडोसा शोधताना ओढा, टाकं, पायवाट यांपासून ऐंशी-शंभर पावलं तरी लांब जावं. शौचाला जायचं तर खुरप्याने वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर माती लोटावी. वापरलेला टिश्यू तिथे सोडू नये, पिशवीत घालावा. एकटीने लांब जाऊ नये, मैत्रिणीला सोबत न्यावं, एकीने पहारा द्यावा.

पाळीच्या दिवसांत जाऊच नये असं मी म्हणणार नाही. ज्याची त्याची ताकद. पण पॅड डोंगरावर पुरू नये, जाळू नये, कपारीत तर अजिबात खुपसू नये. त्यात प्लॅस्टिक असतं, ते वर्षानुवर्षं कुजत नाही आणि कुत्री, कोल्हे ते उकरून काढतात. घरून जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे आणि झाकण घट्ट लागणारा जुना डबा न्यावा. पॅड कागदात गुंडाळून डब्यात ठेवावं, घरी येऊन कचऱ्यात द्यावं. आमच्या मंडळातल्या मुली त्याला 'बंद डबा' म्हणतात. त्याची आता कुणाला लाज वाटत नाही.

सॅक भरताना

मग सॅकमध्ये काय भरायचं? आमच्या मंडळाची पद्धत सांगते. यात विकत घ्यावं असं काही नाही.

बिस्किटं, वेफर्स, चॉकलेट यांची वेष्टनं घरीच काढून टाकायची आणि खाऊ स्टीलच्या डब्यात भरायचा. वेष्टन वर गेलंच नाही तर पडणार कुठून? शेंगदाण्याची चिक्की, गूळ-दाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, दशम्या या जुन्या प्रवासाच्या पदार्थांसारखे पदार्थ नाहीत. टिकतात, भूक भागवतात आणि मागे काही ठेवत नाहीत. पोळ्या फॉइलऐवजी सुती फडक्यात बांधायच्या. प्रत्येकीने स्वतःची दोन लिटर पाण्याची बाटली घरून भरून आणायची. ताटल्या-पेल्यांऐवजी प्रत्येकीचा एक वाडगा, एक चमचा. स्वयंपाक मोजून करायचा. आग्रह करकरून जास्तीचं नेण्याची आपली सवय डोंगरावर महागात पडते, कारण उरलेलं फेकलं जातं.

आणि सॅकच्या तळाशी, सगळ्यात आधी, एक रिकामी जाड पिशवी. हीच आमची परतीची पिशवी. आपला कचरा तर तिच्यात यायलाच हवा, शिवाय वाटेतला दुसऱ्याचा जितका उचलता येईल तितका. काच असेल तर हातमोजे घालायचे आणि लहान मुलांना काचेला हात लावू द्यायचा नाही.

गाणी म्हणा की, कोण नको म्हणतंय! पण स्पीकर घरी ठेवा. पक्षी विणीच्या दिवसांत आवाजाने घाबरतात. आणि आपणही इतकं चढून जाऊन घरच्याच टीव्हीतली गाणी ऐकायची असतील तर गच्ची काय वाईट होती? गटही लहान ठेवावा, बारा-पंधराजणींचा. जुलै २०२३ मध्ये लोहगडावर इतकी गर्दी झाली की माणसं तासन्‌तास वाटेतच अडकून पडली. तोच लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी आणखी वाढणार. शक्य असेल त्यांनी रविवार सोडून मधला वार धरावा. आपल्यासारख्या गृहिणींना ती सोय असते.

एकटीने काय होणार?

मला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. "ताई, डोंगर पोखरून बंगले होतात, हॉटेलं होतात, रात्री-रात्री लाइट लावून धिंगाणा चालतो. तिथे आमच्या एका पिशवीने काय फरक पडणार?" प्रश्न खोटा नाही. त्या मोठ्या गोष्टींसाठी अर्ज करावे लागतात, सभांना जावं लागतं, वेळ पडली तर कोर्टात जावं लागतं. ठाण्यात, डोंबिवलीत तसं करणारी माणसं आहेत आणि त्यांच्यामागे उभं राहायलाच हवं. पण स्वतः वेष्टन टाकून आलेल्या माणसाला तो अर्ज करताना तोंड राहतं का? शिवाय परतीच्या पिशवीला कुणाची परवानगी लागत नाही.

नेपाळ सरकारने २०१४ मध्ये एव्हरेस्टवर जाणाऱ्यांसाठी नियम केला, की प्रत्येक गिर्यारोहकाने येताना ८ किलो कचरा खाली आणलाच पाहिजे. ज्या उंचीवर श्वास घेणं मुश्कील, तिथून माणसांनी ओझं वाहून आणायचं. आपल्याला तर येऊर-माहुलीवरून फार तर किलोभर आणायचं आहे आणि तेही उतारावरून!

येत्या रविवारी तुमच्या घरातून कुणी डोंगरावर निघालं, तुम्ही स्वतः, लेक, सून, नाहीतर मुलाची मित्रमंडळी, तर डबा भरायच्या आधी ती रिकामी पिशवी सॅकमध्ये घाला. संध्याकाळी ती परत आली की टाकून द्यायच्या आधी एकदा उघडून बघा, घरातल्यांनाही दाखवा. काय काय आलंय ते पाहिलं की पुढच्या खेपेला काय द्यायचं नाही, हे कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.